निळे अंगठे

जेरमेनला चित्रकलेच्या वर्गात नेलं ते शेजारच्या इर्मानं. इर्माला नाटकाचा, शिवणाचा, परदेशी भाषेचा, कसलाही वर्ग चालायचा, फक्त सायकलवर सोबत हवी असायची. त्या हिवाळ्यात चित्रकला निघाली. शाळेच्या मागच्या खोलीत मंगळवारी संध्याकाळी भरणारा हा वर्ग इर्माला तीन आठवड्यांत नकोसा झाला. खोली गार होती आणि शिक्षक तिच्याकडे पुरेसं बघत नव्हता. जेरमेन मात्र टिकली.

टिकली याचं गावाला नवल वाटलं, कारण जेरमेननं आयुष्यभर भाज्या गोठवण्याच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यावरून किडके वाटाणे वेचले होते. चित्र म्हणजे कॅलेंडरवर असतं तेवढंच तिला माहीत. पहिल्या दिवशी कागदापुढं बसून ती म्हणाली, "काढायचं काय?"

"चेहरा," वाउटर म्हणाला. वाउटर म्हणजे तिथला शिक्षक, तिच्या मुलीच्या वयाचा, कायम एका बाहीला रंग लागलेला. "पण कागदाकडे बघायचं नाही. समोरच्या माणसाकडेच बघायचं. हात जातो तिकडे जाऊ द्या."

समोर इर्मा होती. जेरमेननं काढलेल्या इर्माचं नाक कानाजवळ गेलं आणि एक डोळा हनुवटीखाली उतरला. इर्मानं ते बघून नाक मुरडलं. जेरमेन हसत सुटली. कारखान्यात चूक म्हणजे मुकादमाची बोलणी, इथं चुकेल तेवढं चांगलं! सहासष्टाव्या वर्षी बाईला खेळायला मिळालं, आणि ती लहान पोरीसारखी खेळली. हेझलच्या झुडपाची काडी तोडून शाईत बुडवायची. ओल्या कागदावर शाईचा थेंब सोडून नळीनं फुंकायचा, मग त्याचे जे केस होतील ते खरे. कागदावर आधी मेणबत्ती घासायची, म्हणजे वरून रंग फिरवला की तेवढं पांढरं राहतं, म्हाताऱ्याच्या मिशा आयत्या मिळतात. ओल्या रंगावर मीठ टाकलं की दाढीचे खुंट उगवतात. कपात उरलेल्या कॉफीनं गालाची सावली द्यायची. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मीठ, मेणबत्ती, कॉफी सगळं हाताशीच होतं, त्यामुळं जेवणाला जागा उरेना.

शाई दोन तऱ्हेची, हे वाउटरनं सगळ्यांना समजावलं होतं. एक चांगली, काळी. वाळली की पक्की होते, वरून पाणी ओता, हलत नाही. दुसरी शाळेच्या पोरांची निळी, पेनात भरायची. ती कधीच पक्की होत नाही. वाळून महिना झाला तरी ओला ब्रश लागला की पुन्हा वाहायला लागते. वाउटर म्हणायचा की टिकाऊ काम करायचं तर काळी घ्या. जेरमेननं निळी घेतली. रेघ काढायची आणि तिच्यावर नुसत्या पाण्याचा ब्रश टेकवायचा, की रेघेतूनच सावली निघून गालावर पसरते. "मी अर्धं काढते, अर्धं पाणी काढतं," ती म्हणायची.

घरी हे सगळं बघायला ओमेर होता, तिचा नवरा. ओमेर आमच्या गावचा पोस्टमन. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी त्याला कुणी दुसऱ्या नावानं ओळखत नव्हतं. त्याचं तोंड रबराचं होतं. आणि दर दाराला त्याचा वेगळा चेहरा होता. खाटकाच्या इव्होनला बिल द्यायचं असलं की गाल खाली ओढून मेल्याहून मेलेलं तोंड करायचा. मुख्याध्यापिकाबाईंना मोठ्या अदबीनं टोपी काढायचा आणि पाठीमागच्या पोरांसाठी डोळे तिरळे करायचा. गॅस्टनच्या कुत्र्यापुढं गाल फुगवून उभा राहायचा, आणि कुत्रं दर वेळी बुचकळ्यात पडायचं. नवरा गेलेल्या बाईच्या दारात मात्र नुसत्या भुवया वर करायचा, बस्स. इर्मा, तीही विधवाच, म्हणते की त्या भुवयांसाठी ती मुद्दाम स्वतःच स्वतःला पत्रं पाठवायची. इर्मा काहीही बोलते, पण हे खरं असावं.

घरी आला की तो बूट काढायचा, खिडकीपाशी बसायचा आणि तोंड गप्प ठेवायचा. "दिवसभर कामावर होतं, आता त्याला सुट्टी," असं म्हणायचा.

त्याच्या फुप्फुसांचं दुखणं निघालं ते त्याच वर्षीच्या शरदात. डॉक्टरांनी सांगितलं ते दोघांनी ऐकून घेतलं, घरी आले, आणि ओमेरनं कपाटातला बिस्किटांचा डबा काढला. आमच्याकडे हा डबा प्रत्येक घरात असतो. कुणी गेलं की अंत्यविधीला आलेल्या प्रत्येकाला तळहाताएवढं आठवणकार्ड देतात. पुढं गेलेल्याचा फोटो, मागं नाव, तारखा, दोन ओळींची प्रार्थना. ती टाकवत नाहीत, म्हणून डब्यात साठत जातात. ओमेरनं गॅस्टनचं कार्ड वर काढलं. गॅस्टन आदल्या वर्षी गेला होता. त्याच्या मुलांनी ओळखपत्रावरचा फोटो लावला होता.

"बघ बाई," ओमेर म्हणाला, "जन्मभर हसवलं ह्या माणसानं, आणि शेवटी गावानं काय जपलं? पोलिसांनी धरून आणल्यासारखा चेहरा. माझं असं करू नकोस."

"मग काय करू?"

"तू काढ. छापायचं नाही. छापलं की सगळ्यांना एकच ओमेर. मी कधी कुणाला एकच दिला का? ज्याच्या दाराला जो, तो त्याला दे."

"शंभरावर दारं आहेत, ओमेर!"

"मी चाळीस वर्षं चालत दिले. तुला बसून द्यायचेत."

ती हसली आणि हो म्हणाली. तो शब्द होता, आणि जेरमेननं दिलेला शब्द कधी खाली पडू दिला नव्हता.

तो हिवाळा त्यांनी स्वयंपाकघरात काढला. बाहेर शेतं पाण्याखाली, आत शेगडी. जाड कागदाचे तुकडे कापून तिनं गठ्ठा केला. ओमेर खुर्चीत, नाकाला प्राणवायूची नळी. तो मनातल्या मनात पुन्हा पत्रं वाटायला निघायचा. "चर्चवरून डावीकडे. पहिलं घर इव्होनचं." आणि तोंड खाली ओढायचा. जेरमेन कागदाकडे न बघता काडी फिरवायची, मग पाणी टेकवायची, आणि कार्डाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक नाव घालायची.

"हलू नकोस की!"

"हललो नाही तर मी कसला? हललेलाच काढ."

"नाक कपाळावर गेलं बघ."

"असू दे. इव्होनला तसंही माझं नाक कधी दिसलं नाही, ती बिलच बघायची."

लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली होती, पण आपल्या नवऱ्याकडे इतकं टक लावून तिनं त्या हिवाळ्यातच पाहिलं. सुख होतं ते. मरण दारात येऊन बसलेलं असताना असं सुख होऊ शकतं हे कुणाला सांगायची सोय नसते, म्हणून ती कुणाला बोलली नाही.

मुलगी कात्लेन दर रविवारी शहरातून यायची. तिला हे अजिबात पटलं नाही. "आई, अंत्यविधी आहे तो, गावजत्रा नाही. लोकांच्या हातात हे वेडेवाकडे चेहरे देणार तू? बाबांचा माझ्या लग्नातला किती छान फोटो आहे."

"त्यात मी टाय बांधलाय," ओमेर म्हणाला. "टाय बांधलेला तो कोण, मला माहीत नाही."

"बाबा, लोक हसतील!"

"देव करो आणि हसोत."

कात्लेन बाहेर जाऊन गाडीत बसून रडली. तिचंही चुकत नव्हतं. बाप जात असताना कुणी त्याची थट्टा केली तर लेकीनं सहन कसं करायचं?

गठ्ठा संपत आला तसा ओमेर विचारायचा, "तुझा कधी काढणार?"

"माझा शेवटी. निवांत. मी काय पळून जातेय?"

फेब्रुवारीत त्याचा श्वास इतका तोकडा झाला की चेहरे करायला पुरेना. एकदा त्यानं इर्मासाठी भुवया उचलायचा प्रयत्न केला आणि त्या अर्ध्यातच खाली आल्या. तेवढ्यात जेरमेननं काढून घेतलं. त्यानंतर तो नुसता खिडकीकडे बघत बसायचा. तोंड गप्प. ती त्याचं सूप गार करायची, उशी सरळ करायची, गोळ्या द्यायची. समोर बसलेला तोच तिचा ओमेर होता, कामावरून परत आलेला, बूट काढलेला. पण तिनं काडी उचलली नाही. बरं नाही माणसाला, आता कसलं चित्र, असं तिला वाटलं. थोडं बरं वाटलं की माझा काढू. मार्चच्या सुरुवातीला एका दुपारी ती कपबशा विसळत होती तेव्हा तो गेला.

छापखान्यानं कार्डांच्या मागच्या बाजूवर नाव आणि तारखा छापून दिल्या. गठ्ठा घरी आला तेव्हा जेरमेनच्या लक्षात आलं की आपलं कार्ड कोरंच आहे. निळ्या शाईची बाटली पालथी केली तर थेंब निघेना. वाउटर भेटायला आला होता, तो त्याची काळ्या शाईची बाटली टेबलावर ठेवून गेला होता. तिनं ती उघडली. आणि ह्या वेळी खेळली नाही. कागदाकडे नीट बघत, कात्लेनच्या लग्नातला फोटो समोर ठेवून, रेघ न् रेघ जपून काढली. डोळ्याजागी डोळे, नाकाजागी नाक. कात्लेन मागून बघत होती. म्हणाली, "आई, हे बघ. हे किती सुंदर झालंय. सगळीच अशी का नाही केलीस?"

अंत्यविधीच्या दिवशी पाऊस होता. आमच्याकडे मार्चमध्ये पाऊस असणारच, त्यात सांगण्यासारखं काही नाही. लोक छत्र्या झटकत चर्चमध्ये आले. हातमोजे ओले, कोटाच्या बाह्या ओल्या. आत शिरताना सगळ्यांनी रिवाजाप्रमाणं पवित्र पाण्यात बोटं बुडवून क्रूसाची खूण केली. मग एकेक जण शवपेटीपाशी आला. तिथं जेरमेन स्वतः उभी होती आणि ज्याचं कार्ड त्याला देत होती. नावं शोधायला वेळ लागत होता, रांग खोळंबली होती, कात्लेनचा जीव टांगणीला लागला होता. पण लोकांनी कार्ड बघितलं की त्यांच्या तोंडावर काहीतरी उमटायचं. इव्होननं स्वतःचा चेहरा बघितला, म्हणजे तिच्या वाटचा ओमेरचा, आणि तोंडावर रुमाल दाबला. मागच्या बाकावर कुणीतरी खरंच हसलं. जेरमेनला वाटलं, पोचले. सगळे पोचले.

दफनभूमीकडे निघाले तेव्हा तिनं पाहिलं. इव्होनच्या हातमोज्यावर निळा ओघळ आला होता. शेजारच्या म्हाताऱ्यानं कार्ड खिशात घातलं होतं, ते काढून बघितलं, तर ओमेरचं अर्धं तोंड त्याच्या अंगठ्याला लागलं होतं. मग तिला सगळीकडे तेच दिसायला लागलं. ज्यांनी ज्यांनी कार्ड ओल्या हातानं धरलं होतं, त्यांच्या बोटांत शाई पाझरत होती. जी बाई वर्षभर रोज त्या शाईला पाणी दाखवत आली, ती ओल्या दिवशी शंभर ओल्या हातांत ती शाई देऊन बसली होती. हे तिला कसं सुचलं नाही? पाणी म्हणजे आपल्या ब्रशातलं, एवढंच तिला माहीत होतं. आभाळातलंही पाणीच असतं हे ती विसरली.

अंत्यविधीनंतर सभागृहात कॉफी आणि हॅम-चीजचे पाव असतात. तिथं गावभरच्या लोकांचे अंगठे निळे होते. कप धरलेले, पाव धरलेले, सगळे निळे. फादरचासुद्धा. कुणी ते टेबलाखाली लपवत होतं, कुणी रुमालानं पुसत होतं, आणि ते पुसणंच जेरमेनला बघवेना.

"सांगितलं होतं ना तुला," कात्लेन हलक्या आवाजात म्हणाली. "सांगितलं होतं मी, आई. आता लोकांकडे बाबांचं काहीच राहिलं नाही."

जेरमेन पाव तसाच टाकून घरी गेली. शब्द दिला होता, आणि धुऊन टाकला. गावातल्या प्रत्येक दारातून आपल्या हातानं ओमेरला पुसून आली, असं तिला वाटलं, आणि तिचा जीव कशातच लागेना. मंगळवारचा वर्ग बंद केला. इर्मा बेल वाजवून जायची. कपाटातल्या डब्यात ओमेरचं फक्त एक कार्ड होतं, तिचं. त्याला काही झालं नव्हतं.

मे उजाडल्यावर घरातली अंडी संपली आणि दुकानापर्यंत जायची लाज वाटली म्हणून ती इर्माच्या मागच्या दारानं गेली. इर्मानं अंडी काढेपर्यंत ही स्वयंपाकघरात उभी राहिली. आरशाच्या चौकटीत ओमेरचं कार्ड खोचलेलं होतं.

जेरमेननं मान वळवली. "टाकून दे ते, इर्मा. खराब झालंय."

"खराब? डोळे तपासून घे तुझे. नीट बघ आधी."

तिनं बघितलं. अर्ध्या उचललेल्या भुवया होत्या, त्या इर्माच्या अंगठ्याखाली वाहून वर गेल्या होत्या. शाई कपाळावर पसरली होती. गाल सरकला होता. आणि तो चेहरा हलत होता. आत्ताच वर बघून आता दुसरीकडे वळणार होता. घाईतला, पुढच्या दारी निघालेला ओमेर!

"भुवया पूर्ण झाल्या बघ," इर्मा म्हणाली. "तिथं खुर्चीत त्याला जमलं नव्हतं, तू म्हणाली होतीस. इथं जमलं." आणि मग तिला रडू आलं, आणि ती अंड्यांवर ओरडली.

त्यानंतर जेरमेन निमित्तं काढून गावभर फिरली. मटण नको असताना इव्होनकडे गेली. तिथं गल्ल्यामागं ओमेरचं तोंड खाली ओढलेलं होतंच, आता शाईच्या ओघळानं ते पार हनुवटीपर्यंत ओघळलं होतं. बिल देताना असंच असायचं, इव्होन म्हणाली. मुख्याध्यापिकाबाईंच्या टेबलावरच्या कार्डात तिरळे डोळे इतके पसरले होते की बाईंना पहिल्यांदाच कळलं, हा आपल्या पाठीमागं काय करायचा. "बदमाश होता तुमचा नवरा," बाई म्हणाल्या, आणि कार्ड परत जागच्या जागी नीट ठेवलं. चर्चवरून डावीकडे, मग पुलापर्यंत, मग परत. ओमेरची जुनी वाट. जिथं जिथं कुणी ते ओल्या हातानं धरलं होतं, तिथं तिथं तो होता, प्रत्येकाच्या अंगठ्याच्या खुणेसकट. कुणीच टाकून दिलं नव्हतं. शेवटच्या घरातून निघाली तेव्हा तिला इतकं हलकं वाटत होतं की घरी जाऊन त्याला सांगावं असं तिच्या मनात आलं, आणि पायरीवर आल्यावर आठवलं.

आत येऊन तिनं डबा उघडला. स्वतःचं कार्ड काढलं. डोळ्याजागी डोळे, नाकाजागी नाक, गळ्याशी टायची गाठ. नीटनेटका, अनोळखी माणूस. तिनं ते खिडकीपाशी नेऊन पाहिलं, लांब धरून पाहिलं. गावात शंभर घरी ओमेर होता आणि त्याच्या स्वतःच्या घरी नव्हता. बूट काढून गप्प बसणारा, कुणालाच न दाखवलेला तो एक चेहरा तिच्या वाटचा होता. तो महिनाभर तिच्यासमोर हलला नव्हता, आणि ती उशा सरळ करत राहिली होती.

ती नळापाशी गेली. अंगठा ओला केला आणि कार्डावर, गालावर, अलगद टेकवला. मग जरा दाबला. मग गोल फिरवला. पुन्हा नळाखाली धरला, पुन्हा घासला. कागदाची साल निघायला लागली, पण रेघ जागची हलली नाही.

तिनं नळ बंद केला आणि अंगठा उजेडात धरून पाहिला. तो स्वच्छ होता.